वॉकी-टॉकी विकताना अर्धीच गोष्ट सांगू नका

प्रति,
पुण्यातल्या दुकानांतून आणि ऑनलाइन वॉकी-टॉकी विकणारे सर्व विक्रेते

माहितीसाठी: गणेश मंडळांचे कार्यकर्ते, ढोल-ताशा पथकं, ट्रेकिंग ग्रुप आणि परवाना खात्यातले अधिकारी

विषय: कोणत्या सेटवर काय ऐकता येतं आणि काय बोलता येतं, हे गिऱ्हाइकाला विक्रीच्या वेळी सांगण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकायला बुधवार पेठेत गेले होते. तापकीर गल्लीकडे वळताना एका दुकानाबाहेर पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेली पाटी दिसली. ‘गणेशोत्सव ऑफर. दहा वॉकी-टॉकी, चार्जरसकट. रेंज १० किमी. लायसन्स नको.’ काचेआड काळे सेट ओळीने उभे होते, आखूड अँटेनाचे, डोक्यावर गोल बटण असलेले. हेच सेट, याच दुकानातून, याच वाक्यावर विश्वास ठेवून, तीन वर्षांपूर्वी मी विकत घेतले होते. सहा नग. पाटीसमोर मी बराच वेळ उभी राहिले आणि घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

मी कोथरूडला राहते. नोकरी पतपेढीत आहे. पावसाळ्यातल्या रविवारी आमच्या भागातल्या शाळकरी मुलांना गडावर घेऊन जाते, त्याला आता चौदा वर्षं झाली. मावळात नाहीतर राजगड-तोरण्याच्या खोऱ्यात गेलं की मोबाइलच्या काड्या जातात. पुढचा माणूस माचीवर, मागचा झाडीत आणि मधे वीस पोरं, अशा वेळी एकमेकांशी बोलायला काहीतरी हवंच. म्हणून सेट घेतले.

जुलैमधला दिवस होता. गुंजवण्याकडून राजगड चढत होतो, एकवीस मुलं आणि आम्ही पाच मोठी माणसं. चोरदरवाज्याच्या खालच्या कातळटप्प्यावर रेलिंग ओलं होतं आणि धुकं इतकं की चार पावलांपुढचं दिसत नव्हतं. मी पहिल्या तुकडीबरोबर पद्मावती माचीवर पोचले होते. नववीतल्या एका मुलाच्या हातात सेट होता. त्याने बटण दाबून धरलं होतं आणि खालच्यांना ‘हॅलो हॅलो, पोहे कोणाकडे आहेत’ असं पुन्हा पुन्हा विचारत होता. बटण सोडलं तेव्हा सेटमधून एका अनोळखी माणसाचा आवाज आला.

‘कोण आहे चॅनलवर? बटण सोडा. इथे क्रेनवर लोड आहे.’

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. कोणीतरी चेष्टा करतंय असं मला वाटलं. तेवढ्यात पुन्हा तोच आवाज, आता घाईचा. ‘अहो, हात जोडतो, बटण सोडा. माझा माणूस वर आहे. त्याला माझा आवाज जात नाहीये.’

मी सेट त्याच्या हातातून घेतला आणि बंद केला. खाली माणूस पाठवून बाकीचे पाचही बंद करायला लावले. उतरताना शिट्ट्यांवर काम भागवलं. तो चॅनल पुन्हा लावून त्या माणसाची चौकशी करायचं धाडस मला झालं नाही. पण ‘माझा माणूस वर आहे’ हे वाक्य अजून कानात आहे.

नंतर समजलं ते असं. राजगड तेराशे मीटरहून उंच. तिथून महामार्गाच्या बाजूला मधे काही आड येत नाही, त्यामुळे हातातल्या चार-पाच वॅटच्या सेटचा आवाजही कित्येक किलोमीटर लांब जातो. शहरात, इमारतींच्या गर्दीत, तोच सेट किलोमीटर-दोन किलोमीटरवर थकतो. म्हणजे रेंज मुख्यतः उंचीवर ठरते, डब्यावरच्या आकड्यावर नाही. शिवाय हे सेट एफएम पद्धतीने बोलतात. एका चॅनलवर दोघे एकदम बोलले तर ज्याचा सिग्नल जोरकस तोच ऐकू येतो, दुसरा पार दबून जातो. माचीवरच्या आमच्या पोराचे पोहे बहुधा एखाद्या कारखान्यात क्रेनला इशारे देणाऱ्या माणसाच्या आवाजावर बसले होते. त्याच्या कारखान्याने त्या फ्रिक्वेन्सीचे सरकारकडे रीतसर पैसे भरले असणार. आम्ही भरले होते ते दुकानात.

पुढच्या शनिवारी मी त्या दुकानात गेले. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यानंतर मी आणखी सात-आठ दुकानांत विचारलं आणि उत्तर सगळीकडे जवळपास सारखंच मिळालं. माझ्या सेटमध्ये कोणती फ्रिक्वेन्सी टाकली आहे, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाले, ‘कंपनीची असते ती, ताई. सगळ्यांना तीच देतो.’ झालेला प्रकार सांगितला तेव्हा म्हणाले, ‘त्रास होत असेल तर दुसरी टाकून देतो. पाच मिनिटांचं काम.’

पाच मिनिटांत दुसरी म्हणजे आणखी कोणाची तरी. माझी पहिली तक्रार हीच आहे. तुम्ही लॅपटॉपला वायर जोडून गिऱ्हाइकाच्या सेटमध्ये जी फ्रिक्वेन्सी भरता, ती तुमच्या मालकीची नाही आणि गिऱ्हाइकाच्याही नाही. ती कोणाला द्यायची हे दूरसंचार विभागाचा वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विभाग ठरवतो, ज्याला तुमच्या धंद्यात सगळे डब्ल्यूपीसी म्हणतात. हे तुम्हाला माहीत आहे. मला माहीत नव्हतं.

त्या प्रसंगानंतर मी हा विषय शिकले. हौशी रेडिओची, म्हणजे धंद्यासाठी नाही तर छंद म्हणून बिनतारीवर बोलायची, परीक्षा दिली, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा, म्हणजे सुरुवातीच्या पातळीचा, परवाना काढला आणि व्हीयू३ने सुरू होणारी कॉलसाइन, म्हणजे हवेवरची ओळख, मिळवली. या पत्रातलं बरंचसं त्या अभ्यासातून आलं आहे. गिऱ्हाईक म्हणून पहिल्याच दिवशी जे मला समजायला हवं होतं, ते आता इथे मांडते. हे वाचणाऱ्या मंडळांच्या पोरांनाही त्याचा उपयोग होईल.

आपल्याकडे वॉकी-टॉकी म्हणून जे विकलं जातं ते एकाच जातीचं नाही. दिसायला सगळे सेट सारखे, पण कायद्याच्या नजरेत एकेकाची जात वेगळी.

परवान्याशिवाय कोणालाही वापरता येतील असे सेट आहेत, आणि ही चांगली गोष्ट आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा आपल्याकडे कमी शक्तीच्या सेटसाठी परवानामुक्त ठेवला आहे. शक्ती अर्धा वॅट. १२.५ किलोहर्ट्झच्या हिशेबाने त्यात सोळा चॅनल बसतात. युरोपातही हाच पट्टा याच कामाला आहे. मात्र त्या सेटच्या नमुन्याला सरकारी मान्यता, म्हणजे ईटीए (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल), मिळालेली हवी. दुकानात मागायचं ते हे. दुसरा परवानामुक्त पट्टा जुना, सिटिझन बँडचा: २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, पाच वॅटपर्यंत. त्याची तरंगलांबी अकरा मीटरच्या आसपास, त्यामुळे अँटेना लांब लागते. हे सेट आपल्या बाजारात मला क्वचितच दिसले.

मग येतात धंद्याचे सेट. कारखाने, हॉटेलं, सिक्युरिटी एजन्सी, बांधकामाच्या साइट यांचे. व्हीएचएफमध्ये साधारण १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ, यूएचएफमध्ये ४०० ते ४७० किंवा त्याच्याही वर. इथे संस्थेला परवाना काढावा लागतो, ठरावीक फ्रिक्वेन्सी मिळते, तिचे पैसे भरावे लागतात आणि तेवढ्याच फ्रिक्वेन्सीवर बोलायचं असतं. तुमच्या काचेआडचे बहुतेक काळे सेट याच जातीचे असतात. आणि ‘लायसन्स नको’ ही पाटी त्यांच्याच शेजारी असते.

तिसरी जात हौशी रेडिओची, ज्याला हॅम म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे आहेत, खाली शॉर्टवेव्हचेही आहेत. बारा वर्षांवरच्या कोणालाही परीक्षा देता येते. पण हा परवाना माणसाला असतो. माझा परवाना माझ्या तोंडापुरता. मी सेट नववीतल्या मुलाच्या हातात देऊन ‘बोल’ म्हणू शकत नाही, पलीकडचाही परवानाधारकच हवा, आणि धंद्याचा निरोप त्यावरून जात नाही. ‘हॅम सेट आहे, घ्या, काही लागत नाही’ असं मला एका विक्रेत्याने फोनवर सांगितलं. हे तर पूर्ण उलटं आहे.

आणि एक खास पुणेरी प्रकार. आमच्या सोसायटीत तीन घरांत अमेरिकेहून आणलेले सेट आहेत. पिवळे, छोटे, जोडीने मिळणारे. मुलगी किंवा जावई येताना घेऊन येतात, नातवंडांना खेळायला. तिकडे ते एफआरएस नावाच्या सेवेत येतात, ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास, बावीस चॅनल, आणि तिथे खरोखरच परवाना लागत नाही. इथे त्या फ्रिक्वेन्सी मोकळ्या नाहीत. याच्या उलट, आपला ४४६चा परवानामुक्त सेट घेऊन कोणी अमेरिकेला गेलं तर तिकडे तो हौशी रेडिओच्या पट्ट्यात, ४२० ते ४५०मध्ये, पडतो आणि तिथे परवान्याशिवाय चालत नाही. सेट तोच राहतो, देश बदलला की कायदा बदलतो. डब्यावरचं ‘लायसन्स फ्री’ कुठल्या देशाचं आहे, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. आजी-आजोबांना ते कळायला काहीच मार्ग नाही, आणि तुमच्याकडे त्या सेटची बॅटरी घ्यायला ते येतात तेव्हा तुम्हीही सांगत नाही.

यातूनच दुसरी तक्रार. सेट जे करू शकतो आणि माणसाला जे करायची मुभा आहे, यांतलं अंतर तुम्ही झाकून ठेवता. माझ्या सेटच्या माहितीपत्रकात अभिमानाने छापलं होतं की तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० या सगळ्या फ्रिक्वेन्सीवर बोलू शकतो. गिऱ्हाइकाला ते वैशिष्ट्य वाटतं. खरं म्हणजे तो धोका आहे. १५६.८ मेगाहर्ट्झ हा समुद्रावरच्या जहाजांचा सोळा नंबरचा चॅनल, संकटात सापडलेली बोट तिथेच हाक मारते. तो याच पट्ट्यात आहे. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांच्या बिनतारी यंत्रणाही याच व्हीएचएफ-यूएचएफ पट्ट्यांतून चालत आल्या आहेत. दोन-चार बटणं चुकीची दाबली गेली आणि हाताचं बोट बोलायच्या बटणावर पडलं, एवढं पुरतं. कोणी वाईट हेतूने करतं असं मी म्हणत नाही. आमच्या पोराचाही हेतू पोहे मागण्याचाच होता.

तिसरी तक्रार ऐकण्याबद्दल आहे. ती मी जरा विस्ताराने लिहिते, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

माझ्या आजोबांचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक अजून घरी आहे. करड्या पुठ्ठ्याचं, आत पोस्टाचे शिक्के. आकाशवाणी पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर ऐकायचं तर त्या काळी दर वर्षी पोस्टात पैसे भरावे लागत. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं आणि प्रसारणाचा रेडिओ ऐकायला कोणाची परवानगी लागेनाशी झाली. त्यामुळे लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे की ऐकायला काय हरकत, बोललं तरच गुन्हा. आकाशवाणीसाठी ते बरोबर आहे, एफएमसाठीही बरोबर. पण जे प्रसारण सर्वांसाठी आहे आणि जो निरोप एका माणसाने दुसऱ्याला दिला आहे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसऱ्याचा संदेश बेकायदा मधेच पकडून ऐकणं हा २०२३च्या दूरसंचार कायद्यात गुन्हा आहे. शिवाय ज्या यंत्राने बोलता येतं ते नुसतं जवळ बाळगणं हाच मुळात परवान्याचा विषय आहे. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून २०२३च्या कायद्यापर्यंत सूत्र हेच आहे: बिनतारी यंत्र बाळगायचं तर परवानगी हवी, नाहीतर सरकारने त्याला स्पष्ट सूट दिलेली हवी. ‘मी फक्त ऐकतो, बटण दाबत नाही’ ही सबब त्या सेटला लागू पडत नाही.

आमच्या शेजारच्या सतरा वर्षांच्या मुलाने याच कारणासाठी सेट आणला. विक्रेत्याने सांगितलं होतं, ‘स्कॅन लाव, पोलिसांचं ऐकू येतं, लोहगावची विमानंही ऐकू येतील.’ मुलगा हुशार आहे, रेडिओची मनापासून आवड आहे. त्याला विमानांची बोलणी एएम पद्धतीने, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतात हेही माहीत होतं. पण ऐकायला घेतलेलं यंत्र बोलणारंही आहे आणि ते नुसतं कपाटात असणंही अडचणीचं ठरू शकतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला हॅमच्या परीक्षेची वाट दाखवली असती तर आज तो रीतसर कॉलसाइन घेऊन बोलत असता. तुम्ही त्याला पोलिसांचं ऐकण्याचं आमिष दाखवलंत. याचं मला फार वाईट वाटतं.

चौथी गोष्ट ‘प्रायव्हसी कोड’ची. ‘कोड टाकून देतो, तुमचं बोलणं कोणाला ऐकू जाणार नाही’ हे मी स्वतः तीन दुकानांत ऐकलं. हे खरं नाही. तो कोड म्हणजे बोलण्याबरोबर जाणारा एक खालचा, सहसा कानाला न जाणवणारा सूर. तो सूर जुळला नाही तर तुमच्या सेटचा स्पीकर गप्प राहतो, इतकंच. म्हणजे दुसऱ्यांचं तुम्हाला ऐकू येत नाही. तुमचं मात्र ज्याने कोड लावलेला नाही अशा कोणालाही स्पष्ट ऐकू जातं, आणि चॅनल तुम्ही अडवायचा तसा अडवताच. उलट कोडमुळे धोका वाढतो, कारण तुम्ही कोणाच्या बोलण्यावर बसला आहात हे तुम्हाला कळतच नाही. त्या दिवशी आमच्या सेटमध्ये कोड असता, तर क्रेनवाल्याची विनवणी मला ऐकूच आली नसती. कोणी मंडळाचा पोरगा हरवलेल्या लहान मुलीचं नाव-पत्ता त्या ‘प्रायव्हेट’ चॅनलवर सांगेल, म्हणून हे जास्त काळजीने लिहिते आहे.

मंडळांवरून आठवलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत सेट लागतात, हे मी जाणते. मंडईपासून अलका चौकापर्यंत माणसाला माणूस चिकटलेला असतो, ढोल-ताशांत कानठळ्या बसतात, मोबाइल लागत नाहीत आणि मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते. गर्दीत कोणी भोवळ येऊन पडलं तर पुढच्या चौकातल्या कार्यकर्त्याला निरोप जायलाच हवा. पण त्याच रस्त्यावर पोलीस आणि रुग्णवाहिकावालेही आपापल्या सेटवर असतात. दुकानदाराने सगळ्या मंडळांना ‘कंपनीची’ एकच फ्रिक्वेन्सी टाकून दिली, तर लक्ष्मी रस्त्यावर दहा मंडळं एकाच चॅनलवर ओरडत असतील आणि गरजेच्या वेळी कोणाचाच निरोप कोणाला पोचणार नाही. ४४६च्या सेटमध्ये निदान सोळा चॅनल आहेत, आपसात वाटून घेता येतात. आणि पोलिसांनी चौकात सेट हातात घेऊन पाहिला, तर कार्यकर्त्याला मान खाली घालावी लागत नाही. आज जे होईल ते असं की सेट जप्त होईल पोराचा, जबाब लिहून द्यावा लागेल पोराला, आणि पाटी लिहिणारा त्या चौकात नसेल.

ही माझी शेवटची आणि सगळ्यात मोठी तक्रार. विक्री तुमची, नफा तुमचा आणि कायद्याची जबाबदारी मात्र गिऱ्हाइकाची, अशी ही वाटणी आहे. वास्तविक परवान्याचे सेट विकायला तुम्हालाही डीलर पझेशन लायसन्स, म्हणजे विक्रेत्याने सेट बाळगायचा परवाना, लागतं. ज्याच्याकडे ते आहे त्याला सगळे नियम ठाऊक असतात. ज्याच्याकडे नाही, त्याने ते सेट विकायलाच नकोत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५मध्ये ऑनलाइन विक्रीच्या मंचांना याच कारणासाठी नोटिसा काढल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक तत्त्वं आणली: फ्रिक्वेन्सी सांगा, परवाना लागतो का ते सांगा, दिशाभूल करणारी जाहिरात करू नका. ती ऑनलाइनसाठी आहेत. पण गल्लीतल्या पुठ्ठ्याच्या पाटीला खोटं बोलायची मोकळीक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. दिशाभूल करणारी जाहिरात ही दिशाभूलच, मग ती स्क्रीनवर असो की मार्करने लिहिलेली असो.

या वस्तूवर बंदी आणा असं मी मुळीच म्हणत नाही. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली, आणि गाव जागेवर नाही ही बातमी बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने. इतक्या दुर्गम आमच्या या दऱ्या. डिसेंबर २००४च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा भारती प्रसाद हौशी रेडिओच्याच कामाने पोर्ट ब्लेअरला होत्या आणि त्यांच्या सेटवरून लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचले. सेट माणसं वाचवतात. म्हणूनच ते नीट, रीतसर आणि एकमेकांच्या आड न येता वापरले गेले पाहिजेत.

आता आम्ही काय वापरतो तेही सांगते, म्हणजे ‘अर्ध्या वॅटचा सेट डोंगरात काय कामाचा’ हे तुमचं नेहमीचं वाक्य निकालात निघेल. आमच्याकडे ४४६चे सहा सेट आहेत, ईटीएचे. पद्मावती माचीवरून खाली चोरदरवाज्याच्या वाटेवर आवाज स्वच्छ जातो. सुवेळा माचीकडे निघालं की बालेकिल्ल्याचा कडा आड येतो आणि आवाज तुटतो. अशा जागा आम्ही आता ओळखतो. तिथे एक मोठं माणूस सेट घेऊन उभं करतो, ते इकडचा निरोप तिकडे देतं. पाच वॅट असते तरी त्या कातळातून आवाज गेला नसता. मुलांना पहिल्या अर्ध्या तासात एवढंच शिकवतो: आधी ऐका, चॅनल मोकळा असेल तरच बटण दाबा, थोडक्यात बोला, बटण सोडा.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

‘लायसन्स नको’ ही पाटी ज्या सेटला लागू नाही त्याच्या शेजारून ती आजच काढा. गणेशोत्सवाची खरेदी सुरू व्हायच्या आत.

प्रत्येक सेटवर, मराठीत, ठळक अक्षरांत चिठ्ठी लावा: हा सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, परवाना कोणी काढायचा, ईटीए आहे की नाही. तीन ओळी पुरतात.

मंडळ, पथक, शाळा, ट्रेकिंग ग्रुप यांनी सेट मागितले तर आधी ४४६चे दाखवा. त्यात तुमचा नफा कमी असेल, मान्य आहे.

ज्याच्याकडे परवाना नाही, त्याच्या सेटमध्ये फ्रिक्वेन्सी भरून देऊ नका. ज्याच्याकडे आहे, त्याच्या परवान्यावरची फ्रिक्वेन्सी बघून तेवढीच भरा.

ज्यांना तुम्ही चुकीची माहिती देऊन परवान्याचे सेट विकलेत, त्यांचे सेट परत घ्या. पैसे द्या किंवा ४४६चे सेट बदलून द्या.

आणि परवाना खात्यातल्या अधिकाऱ्यांना एक विनंती. परवानामुक्त काय, परवान्याचं काय, हौशी रेडिओचं काय, ऐकण्याचे नियम काय, हे एका पानावर सोप्या मराठीत छापून पुण्यातल्या प्रत्येक पोलीस चौकीत आणि मंडळांच्या परवानगीच्या खिडकीवर ठेवा. चौकातल्या शिपायालाही ते हवं आहे. आज त्याला ४४६चा परवानामुक्त सेट आणि परवान्याचा सेट यांतला फरक कोणी सांगितलेला नसतो, आणि मग तो एकतर सगळेच सोडतो नाहीतर सगळेच काढून घेतो.

माझे जुने सहा सेट बॅटऱ्या काढून खोक्यात बांधून ठेवले आहेत. पावती आहे. येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता मी ते घेऊन त्याच दुकानात येते आहे. कोथरूडमधले आणखी चार ग्रुप आपापले सेट आणि पावत्या घेऊन माझ्याबरोबर येणार आहेत. आम्ही भांडायला येत नाही. सेट मोजून घ्या, आणि ती पाटी उतरवा.

आपली,
कोथरूडची एक गिऱ्हाईक